डबल जॅकेट काढून कॅमप्रोफाइल गॅस्केट बसवलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पाताळगंगेच्या प्लांटमध्ये साधारण मीटरभर व्यासाचा एक शेल-अँड-ट्यूब एक्स्चेंजर (नळ्यांच्या जुडग्यातून एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) आहे. त्याचा चॅनल फ्लँज, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी असलेला डबा (चॅनल) बाहेरच्या नळकांड्याला (शेल) बोल्टने जोडणारी कड, दर स्टार्टअपला गळायचा. पुरता तापला की थांबायचा, युनिट गार झालं की पुन्हा टिपटिप सुरू. मागच्या शटडाऊनमध्ये त्याचं डबल जॅकेटेड गॅस्केट (जोडात दाबून बसवलेली, मऊ भरावावर पातळ पत्रा असलेली सीलची कडी) काढून ग्रॅफाइट लावलेलं कॅमप्रोफाइल बसवलं. त्यानंतर युनिट अनेकदा बंद-चालू झालं, अख्खा पावसाळा गेला, पण फ्लँज कोरडा आहे. मी समाधानी आहे. मात्र नुसतं गॅस्केट बदलून हे झालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुखणं गॅस्केटच्या दर्जाचं नव्हतं, तापमानाचं होतं. चॅनल गरम, शेल त्या मानाने थंड. दोन्हींमध्ये 100 अंशांचा फरक धरला, तर 500 मिमी त्रिज्येवर कार्बन स्टील सुमारे 0.6 मिमी जास्त फुगतं. म्हणजे दर वेळी फ्लँजचा फेस (गॅस्केटला टेकणारं सपाट तोंड) गॅस्केटवरून तेवढा घासत जातो. डबल जॅकेटचा पातळ पत्रा यात चुरगळतो, आतलं फिलर दबतं आणि स्टडमधला (दोन्ही टोकांना नट असलेल्या बोल्टमधला) ताण उतरतो. कॅमप्रोफाइलमध्ये 3 मिमीचा भरीव स्टेनलेस गाभा असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी गोल खाचा आणि वर अर्ध्या मिमीचा ग्रॅफाइटचा थर. खाचांच्या कडा ग्रॅफाइटला जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे फेस सरकला तरी सील टिकतं.

आता डिझाइनवाल्यांसाठी. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या प्रेशर व्हेसल संहितेत, सेक्शन 8, डिव्हिजन 1 च्या अपेंडिक्स 2 मध्ये, फ्लँजच्या गणिताला गॅस्केटचे एम (सील टिकायला आतल्या दाबाच्या किती पट दाब गॅस्केटवर हवा) आणि वाय (गॅस्केट नीट बसायला लागणारा दाब) हे आकडे लागतात. स्टेनलेस डबल जॅकेटला ते 3.75 आणि 9000 पीएसआय. ग्रॅफाइटवाल्या कॅमप्रोफाइलला उत्पादक साधारण 4 आणि 1000 देतात. तक्त्यात 'ग्रूव्ह्ड मेटल' अशीही एक ओळ आहे, स्टेनलेसला 4.25 आणि 10,100. ती उघड्या धातूची आहे, ग्रॅफाइट लावलेल्या गॅस्केटला ती वापरू नका. 2 एमपीए दाब आणि 13 मिमी रुंदी धरून हिशेब केला, तर गॅस्केट बसवायचा भार सुमारे 1250 किलोन्यूटनवरून 140 वर येतो. चालू स्थितीतला भार मात्र 1900 च्या आसपासच राहतो, कारण त्यातले 1570 निव्वळ दाबाचे आहेत.

हा 140 बघून 'म्हणजे कमी आवळलं तरी चालेल' असं म्हणणारे भेटतात. अजिबात चालणार नाही! अपेंडिक्स 2 ची पद्धत 1937 च्या वॉटर्स आणि सहकाऱ्यांच्या कामावर उभी आहे. ती फ्लँज आणि बोल्ट पुरेसे मजबूत आहेत का ते सांगते. जोड किती घट्ट आवळायचा, हे ती सांगत नाही. त्यासाठी एएसएमईची जोड आवळण्याची मार्गदर्शिका, पीसीसी-1, उघडावी लागते. आम्ही एक इंची, बी7 या मजबूत मिश्र पोलादाच्या 36 स्टडना प्रत्येकी 122 किलोन्यूटनच्या आसपास ताण दिला, एकूण 4400. मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस लावून त्याला टॉर्क येतो 500 न्यूटन-मीटर. तोच टॉर्क कोरड्या, गंजलेल्या आट्यांवर दिला तर ताण शंभराच्या खाली जातो, आणि आमच्याकडच्या दमट हवेत स्टड गंजायला वेळ लागत नाही. म्हणून नवे स्टड, नवे नट, आणि नटाच्या बसणाऱ्या तोंडालाही ग्रीस, यावर आमचे फोरमन अडून बसले. त्यांचे आभार.

एवढा भार फ्लँजला पेलतो का, हेही आधी तपासलं. ताणाच्या मर्यादेत तो बसत होता. फ्लँज वाकून गॅस्केटची आतली कड सैल पडू नये यासाठी असलेला रिजिडिटी इंडेक्स 1 च्या आत हवा, तोही बसला. अनेक जुन्या एक्स्चेंजरांच्या गणितात ही तपासणी सापडत नाही, ती करून घ्या.

आवळताना आधी 30 टक्के, मग 70, मग 100, समोरासमोरच्या क्रमाने. त्यानंतर गोल फेऱ्या, एकही नट हलेनासा होईपर्यंत. चार तास थांबून आणखी एक गोल फेरी. घाईच्या शटडाऊनमध्ये ही शेवटची फेरीच सगळ्यात आधी वगळली जाते, आणि माझ्या मते निम्मा फरक तिनेच पडतो.

ट्यूब साफ करायला मध्यंतरी चॅनल उघडला, तेव्हा गॅस्केट उजेडात धरून पाहिलं. ग्रॅफाइटवर खाचांचे वळे सगळीकडे सारख्या खोलीचे उमटले होते. फक्त एका बाजूला वीतभर पट्टा फिका होता. फ्लँजवर तिथेच जुनी वेल्ड दुरुस्ती आहे. पुढच्या शटडाऊनमध्ये तो फेस मशीन करून घेणार आहे. गाभा शाबूत होता, त्यावर नवा ग्रॅफाइट लावून घेता येतो.

तक्रारीही आहेत. किंमत बरीच जास्त आहे. पास पार्टिशनच्या (चॅनलमधला प्रवाह विभागणाऱ्या पडद्यांच्या) आकारासकट ऑर्डरनेच बनतं, म्हणून शटडाऊनच्या खूप आधी मागवावं लागतं. ग्रॅफाइट नाजूक असतो. प्लायवूडवर आडवं ठेवूनच हलवा, भिंतीला टेकवलेलं एक गॅस्केट आमच्याकडे कडेने सोललं. फेसवर आरपार आडवा ओरखडा असेल तर हेही वाचवणार नाही. हवेच्या संपर्कात 450 अंशांच्या वर ग्रॅफाइट जळत जातो, आणि तीव्र ऑक्सिडायझर हाताळणाऱ्या लाइनवर तर हे नकोच.

थंड पाण्याच्या साध्या कूलरांवर आम्ही जुनंच गॅस्केट ठेवलंय, तिथे हा खर्च करायचं कारण नाही. पुढची ऑर्डर रिबॉयलरसाठी (डिस्टिलेशन कॉलमच्या तळाचा द्रव उकळवणाऱ्या एक्स्चेंजरसाठी) दिली आहे.