मोठे टायर, अपुरी कमान: फ्लेअर कापावा की रुंद बसवावा?

मोठे टायर घातले की ते चाकावरच्या कमानीत घासतात. मग कमानीच्या कडेला बसवलेला प्लास्टिकचा पट्टा, म्हणजे फ्लेअर, कापायचा की त्याजागी रुंद बसवायचा? उदाहरणादाखल महिंद्रा थार घेऊ, २०२० नंतरची. तिच्या काही मॉडेलांवरच्या २४५/७५ आर१६ टायरचा व्यास साधारण ७७४ मिमी. त्याजागी अनेकांना हवा असतो तो २८५/७० आर१७ भरतो ८३१ मिमी. म्हणजे रबर कमानीच्या चारही बाजूंना जवळपास २८ मिमी सरकतं. रुंदी (टायरवरचा पहिला आकडा) मात्र ४० मिमीनेच वाढते. त्यातली निम्मी आत जाते, निम्मी बाहेर.

हा हिशेब आधी मांडायचं कारण, रुंद फ्लेअर बाहेर आलेला टायर झाकतो, घासणं थांबवत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर लागतो तो बंपरच्या खालच्या कोपऱ्याला आणि लायनरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, मागच्या बाजूला. त्यावर उपाय कापण्याचाच. फ्लेअरची आतली कड, लायनर आणि बंपरचा कोपरा एवढं प्लास्टिक उतरवलं की पुष्कळदा भागतं. सस्पेन्शन उंच करून गाडी उचललीत तर वरची जागा मिळते, पण वळताना पुढे-मागे घासणं तितकं कमी होत नाही.

रुंद फ्लेअर कधी लागतात? रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ते गाडीला जिथे बसतं तिथपर्यंतचं अंतर) कमी करून चाक बाहेर काढलं तर. चिखल आणि खडे थेट दारावर, आरशावर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर उडतात, तेव्हा रुंद फ्लेअर बसवावेच लागतात. पण चाक बाहेर आलं की वळताना ते जास्त मोठा घेर घेऊन फिरतं, त्यामुळे कापावं आणखी लागतं. दुकानात ही गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

फ्लेअर कशाचे घ्यावेत? एबीएस, म्हणजे एक चिवट प्लास्टिक, वाकतं आणि परत जागेवर येतं. रंग नसेल तर उन्हाने पांढुरकं पडतं. फायबर स्वस्त, फांदी बसली की तडकतं, पण कोपऱ्यावरचा फायबरवाला ते सांधून देतो. लोखंडी नळीचे फ्लेअर दिसायला दणकट; खडकावर आपटले तर धक्का सरळ बॉडीच्या पत्र्यात जातो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याने यातलं काहीही बोल्टने बसवताना प्रत्येक भोकाला प्राइमर आणि सीलंट लावून घ्यावं. फ्लेअर आणि पत्रा यांमधल्या रबरी पट्टीखाली चिखल साचतो आणि गंज तिथूनच धरतो.

कायद्याकडे दोन्ही पर्यायांत बघावं लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीची रुंदी वाढवणारे फ्लेअर लांबूनच डोळ्यांत भरतात.

माझा कौल कापण्याला. त्यातही कंपनीच्या फ्लेअरचा दुसरा संच विकत घ्या आणि कात्री त्याच्यावर चालवा. मूळचे फ्लेअर माळ्यावर ठेवा. गाडी विकताना लागतील.