हसरे फोटो चालत नाहीत

हे लिहायला मी जवळजवळ एक वर्ष टाळाटाळ केली, कारण यात फसवणारा माणूस जितका दिसतो तितकीच मीही दिसते. माझ्यासह नऊ कुटुंबांचे पैसे गेले आणि उरलेल्या आठही कुटुंबांशी त्या गृहस्थांची ओळख मीच करून दिली होती.

माझ्या मुलीला २०१९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, जुवेनाइल डर्मॅटोमायोसायटिस असल्याचे निदान झाले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते, असा हा आजार आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या धावत चढणारी मुलगी हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठेना, पापण्यांवर जांभळट छटा आली, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उमटले, आणि तरीही पहिले चार महिने आम्ही ॲलर्जी समजून मलमे लावत राहिलो. पुढे सीपीकेची (स्नायूंची हानी दाखवणारी) रक्ततपासणी, एमआरआय, मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आठवड्यातून एकदा प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि उन्हापासून जपणे असा क्रम सुरू झाला.

हा आजार वर्षाला दर दहा लाख मुलांमागे साधारण दोन ते चार मुलांना होतो. त्यामुळे 'आमच्याकडेही हेच आहे' असे म्हणणारे माणूस भेटणे किती दुर्मीळ असते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. मला पहिली दोन वर्षे असे एकही घर भेटले नाही. नंतर ओपीडीच्या बाकावर एक आई भेटली, तिच्यामुळे दुसरी, आणि २०२३ च्या अखेरीस पुणे, पिंपरी-चिंचवड, सासवड, बारामती अशी मिळून चौदा कुटुंबे झाली. आम्ही महिन्यातून एकदा सहकारनगरमधल्या एका छोट्या सभागृहात जमत असू, तेही दिवस कलल्यावरच, कारण उन्हाने या मुलांचे चट्टे वाढतात. इंजेक्शननंतर मळमळ होते म्हणून ते शनिवारी रात्री द्यावे का, स्टेरॉइडने चेहरा सुजल्यावर वर्गातली मुले चिडवतात तेव्हा बाईंना काय सांगावे, शाळेत कांजिण्या निघाल्या तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचे (लगेच करायचा), असे आमचे विषय. पैशाचा विषय शेवटी, चपला घालताना निघायचा.

ते गृहस्थ मला ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीपाशी भेटले. आपल्या पुतण्याला हाच आजार आहे, असे त्यांनी सांगितले. 'टेपरिंग' (स्टेरॉइड हळूहळू कमी करणे), 'फ्लेअर' (आजार पुन्हा उसळणे), 'सीपीके खाली आला का', हे शब्द त्यांच्या तोंडी इतके सहज होते की मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. हे शब्द त्या रांगेत तासभर उभे राहिले तरी कोणालाही ऐकून पाठ होतात, हे मला तेव्हा सुचले नाही. पुढच्या भेटीला ते सभागृहात आले, तेव्हा प्रत्येक मुलासाठी रुंद काठाची, मान झाकणारी कापडी टोपी घेऊन आले होते. नातेवाईक आम्हाला पेढे आणि सल्ले देतात. टोपी आजवर कोणी दिली नव्हती. मला वाटते, आम्ही त्या संध्याकाळीच फसलो होतो. पैसे नंतर गेले, इतकेच.

त्यांनी केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाची गोष्ट काढली. त्या धोरणाखाली रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, हे खरे आहे आणि आमच्यापैकी दोघांनी वर्तमानपत्रात वाचलेलेही होते. सांगितले नाही ते एवढेच, की ही मदत ठरावीक यादीतल्या आजारांसाठी असते, ती पालकांच्या हातात कधीच पडत नाही, आणि उपचार केंद्राने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फतच होतात. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. त्या यादीत प्रतिकारशक्तीच्या जन्मजात कमतरतेचे आजार आहेत आणि त्यांच्यासाठी आयव्हीआयजीचा, म्हणजे शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांच्या औषधाचा, उल्लेखही आहे. आमच्या मुलांचा आजार प्रतिकारशक्ती कमी असण्याचा नाही, ती उलटण्याचा आहे. परंतु आमच्यातल्या काही मुलांना आयव्हीआयजीच द्यावे लागत असल्यामुळे, यादीतली ती ओळ बोटाने दाखवली की ती आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटे. मी पाच वर्षे या आजाराबद्दल वाचत होते आणि तरीही मला तसेच वाटले.

ही मदत आपल्या संस्थेमार्फत मिळवून देतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठीचे 'फाइल शुल्क' ६,५०० रुपये होते. संस्थेच्या बँक खात्याचे काही काम चालू असल्याने रक्कम खजिनदारांच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवायची होती. इतरांना धीर यावा म्हणून पहिली फाइल मी माझ्या मुलीची केली. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळे रिपोर्ट आणि फोटो द्यायचे होते. मुलगी आता बरीच सावरली आहे, म्हणून मी तिचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, आजार ऐन भरात असतानाचे पाठवा, समोरून, बाजूने आणि हातांचे. हसरे फोटो मंडळाला चालत नाहीत." मी जुन्या फोनमधून २०१९ चे फोटो शोधून काढले. त्या फोटोंमध्ये तिचा चेहरा स्टेरॉइडने इतका गोल झाला आहे की आम्ही स्वतःही ते बघत नाही.

नऊ कुटुंबांनी पहिली रक्कम भरली. महिनाभराने 'वैद्यकीय मंडळाच्या पडताळणीसाठी' १२,००० रुपये मागितले गेले आणि ते सहा जणांनी भरले. पावत्या व्यवस्थित छापलेल्या होत्या, त्यांवर धर्मादाय नोंदणीचा क्रमांक होता, ८०जी चा (देणगीवरच्या करसवलतीचा) उल्लेख होता, गोल शिक्काही होता. तिघांनी दुसरी रक्कम भरली नाही, ती शंका आली म्हणून नव्हे. त्यांच्याकडे ती नव्हती.

सगळ्यांत वाईट प्रकार हडपसरच्या कुटुंबाबरोबर झाला आणि तो मला थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण येथे प्रश्न पैशापुरता राहिला नव्हता. त्यांच्या मुलाचे वजन वीस किलो आहे आणि त्याला वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम याप्रमाणे महिन्याला ४० ग्रॅम आयव्हीआयजी लागत होते, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. खर्च लाखाच्या आसपास जाई. गृहस्थांनी 'ट्रस्टच्या कोट्यातून' त्या आठ बाटल्या ३८,००० रुपयांत देण्याचे कबूल केले. ठरलेल्या तारखेनंतर बारा दिवसांनी एक मुलगा दुचाकीवरून साध्या कापडी पिशवीत बाटल्या घेऊन आला. बर्फ नव्हता, बिल नव्हते. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून तयार होते आणि सांगितलेल्या तापमानात ठेवावे लागते. त्या बाटल्यांवरही दोन ते आठ अंश सेल्सिअस असेच छापलेले होते. रुग्णालयातल्या सिस्टरांनी बिल आणि बॅच क्रमांकाची नोंद मागितली, आणि ती नाही म्हटल्यावर त्या बाटल्या लावायला साफ नकार दिला. मुलाची आई त्यांच्याशी भांडली. मीही फोनवरून त्या सिस्टरांनाच समजावत होते की माणसे ओळखीची आहेत. त्या नमल्या नाहीत, म्हणून त्या बाटल्यांमधले द्रव्य त्या मुलाच्या शिरेत गेले नाही. मात्र तोवर डोस लांबल्याने त्याला पाणी पिताना ठसका लागू लागला होता आणि त्याला पाच दिवस दाखल करून घ्यावे लागले.

तरीसुद्धा आम्ही 'काहीतरी गोंधळ झाला असेल' असेच म्हणत होतो. उलगडा झाला तो ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी. माझ्या यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्यांना एक व्हॉट्सॲप संदेश दाखवला. ब्लड कॅन्सर झालेल्या एका मुलीसाठी तातडीने मदत हवी होती, खाली क्यूआर कोड होता. नाव वेगळे होते. फोटो आमच्या मुलीचा होता, बाजूने काढलेला.

दुसऱ्या दिवशी मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पावतीवरचा क्रमांक घेऊन गेले. तो एका भजनी मंडळाच्या नावे निघाला. हे काम अर्ध्या दिवसात झाले आणि ते मी ऑगस्टमध्येच करू शकले असते. मुलीला दिलेल्या प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना उलटसुलट विचारणाऱ्या मी, या माणसाला त्याच्या पुतण्याचे डॉक्टर कोण, एवढेही विचारले नव्हते. विचारणे मला कृतघ्नपणाचे वाटले असते.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवले आणि शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात एकत्रित तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. बारामतीच्या एका आईने तिचे १२,००० रुपये आदल्याच संध्याकाळी पाठवले होते. तिचा फोन वेळेत गेल्यामुळे ती रक्कम बँकेतच थोपवली गेली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर तिला परत मिळाली. एकूण १,६८,५०० रुपयांपैकी परत आले ते इतकेच. ज्यांनी 'उगाच आरोप नको' म्हणून आठ दिवस वाट पाहिली, त्यांचे पैसे तोवर चार खात्यांतून पुढे गेले होते.

ज्या मदतीसाठी आम्ही शुल्क भरत होतो, ती शुल्काविना मिळण्याचे मार्ग शहरातच होते, हे नंतर एका रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांनी समजावून सांगितले. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका अशी कागदपत्रे घेऊन तेथील समाजसेवकांना भेटायचे असते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज विनाशुल्क आहे आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. हडपसरच्या मुलाचे पुढचे दोन डोस याच मार्गाने झाले. खेटे घालावे लागले, पण पावती मागण्याची वेळ आली नाही.

चौदापैकी पाच कुटुंबे आता आमच्या भेटींना येत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. आता कोणी नवे पालक आले तर त्यांचा रिपोर्ट मी माझ्या फोनमध्ये घेत नाही, मुलांचे फोटो कोणाकडेही पाठवू देत नाही आणि मदत देऊ करणाऱ्या माणसाला आधी रुग्णालयाच्या समाजसेवकांकडे पाठवते. यामुळे दोन खरोखरचे देणगीदार दुखावले गेले. त्यांनी मागाहून पैसे रुग्णालयातच भरले.

आमच्या मुलीचा तो फोटो मात्र अजून फिरतो आहे. या जूनमध्ये तो नव्या नावाने आणि नव्या क्यूआर कोडसह परत आला. ज्या ज्या क्रमांकावरून तो आल्याचे कळते, त्या प्रत्येकाला मी खरी हकिगत लिहून पाठवते. बहुतेकांचे उत्तर येत नाही. इचलकरंजीच्या एका गृहस्थांचे आले: त्यांनी पाचशे रुपये पाठवले होते, आणि पैशाचे जाऊ द्या, मुलगी कशी आहे, असे विचारले होते. ती बरी आहे, तिचे प्रेडनिसोलोन बंद झाले आहे, असे मी त्यांना कळवले, आणि व्यवहार क्रमांक मागून घेतला, कारण तपास अधिकाऱ्यांना तो हवा होता.