तानपुऱ्यातला गंधार ऐकू येतो का? दोन हजारांच्या आतले ईअरफोन

माझी गरज आधी सांगते, म्हणजे पुढची मतं कुठून आली ते कळेल. दर शनिवारी मी पुण्यातल्या सदाशिव पेठेत ताईंकडे गाणं शिकायला जाते. शिकवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि आठवडाभर ती ऐकत राहायचं, हा माझा नेम. ऐकणं बहुतेक मेट्रोतच होतं. आनंदनगरला चढते, कल्याणीनगरला उतरते. जाऊन-येऊन तासभर हक्काचा मिळतो. त्यामुळे ईअरफोन माझ्यासाठी वहीइतकाच गरजेचा आहे.

आधी ब्लूटूथचे बड्स होते. चौदाव्या महिन्यात डाव्या बडची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकायला लागली. बॅटरी बदलून मिळत नाही, नवी जोडी घ्या, असं सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. चांगली चालणारी वस्तू एवढ्याशा सेलपायी टाकून द्यायची, हे मला आजही पटत नाही. दुसरी अडचण गाण्यातली. ठेका लावून त्यावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मी प्रत्येक वेळी जराशी मागे. ताल चुकतोय म्हणून आठवडाभर स्वतःवर चिडले होते. मग भाच्याने समजावलं: ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायलाच थोडा उशीर होतो, मी त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर गाते आणि फोन मात्र मूळ ठेक्याशी जोडून रेकॉर्ड करतो. शिवाय बड्समधला माईक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही फोनवरच्या बोलण्यासारखा चपटा होतो. "मावशी, तुला वायरवालाच घ्यायला लागेल," तो म्हणाला. बजेट ठरलं दोन हजार.

एका शनिवारी शिकवणी आटोपून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत गेले. तिथे गाडी नेण्यात अर्थ नाही, चालतच गेलेलं बरं. एका छोट्या दुकानात काउंटरवर दोन-तीन ईअरफोन ऐकून बघायला उघडे ठेवले होते. दुकानदार उत्साही होता. "ताई, याचा बेस बघा," म्हणत त्याने एक जोडी पुढे केली. मी त्यावर तानपुरा लावला.

या तानपुऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी परीक्षा त्यावरच चालते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज. तानपुऱ्याच्या चार तारा: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. जोडीची तार साधारण 208 हर्ट्झला वाजते, खर्ज त्याच्या निम्म्यावर, 104 ला. पण तार एकाच स्वरात कधी बोलत नाही. खर्जाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर त्यातूनच निघतात. त्यातला पाचपटीचा, म्हणजे 520 च्या आसपासचा, तो गंधार. गंधाराची तार तानपुऱ्यावर नाही, तरीही जवारी (तार घोडीवर जिथे टेकते तिथली घडण, तिच्यामुळे तार झणझणते) नीट लागलेली असेल तर खर्ज छेडल्यावर क्षणभराने तो आपसूक उमटतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. ताई पहिली दोन वर्षं मला फक्त हे ऐकायला बसवायच्या. तो ऐकू यायला लागला की आपला गंधार कुठे लावायचा हे गळ्याला सांगावं लागत नाही.

दुकानातल्या त्या जोडीवर खर्ज गुरगुरत होता. छातीत जाणवावा इतका. पण त्या गुरगुरीखाली गंधार पार दबून गेला होता. जवारीचा जो झिलईदार कंप असतो, त्याच्या जागी एक जाड 'हूऽम' होतं. नंतर तबला लावला तर डग्ग्याचा घुमारा पुढच्या बोलावर सांडत होता, 'धा' संपायच्या आत 'धिं' त्यात बुडलेला. दुकानदाराला तसं सांगितलं तर त्याला वाईट वाटलं नाही. उलट म्हणाला, "गाणं ऐकणारे क्वचित येतात, सगळ्यांना बेसच लागतो." मी तिथून फक्त ईअरफोनच्या टोकाला चढवायची सुटी रबरं घेतली, चाळीस रुपयांची. ती पुढे फार कामाला आली.

नंतर दोन महिन्यांत तीन जोड्या वापरून पाहिल्या. एक मी घेतली, एक भाच्याची, एक ऑफिसमधल्या मैत्रिणीची. तिन्ही चिनी कंपन्यांच्या, तिन्ही आम्हाला दोन हजारांच्या आत मिळालेल्या, तिन्हींची वायर दोन पिनांची आणि सुटी होणारी. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ईअरफोन मरतो तो बहुतेक वायरीमुळे. जॅकपाशी वाकून वाकून आतली तार तुटते. वायर बदलता आली तर तीच जोडी कितीतरी वर्षं चालते.

पहिली मूनड्रॉपची चू टू. बांधा धातूचा, छोटा, हातात घेतल्यावर वजनदार. आधीच्या चूची वायर कायमची जोडलेली होती, या दुसऱ्या आवृत्तीत ती सुटी केली. आवाज उजळ आहे. सतार, संतूर, झांजा यांवर छान खुलतो. बोटाची नखी तारेवर आपटते तो बारीक 'टक्' सुद्धा वेगळा ऐकू येतो. मैत्रीण सतार शिकते आणि तिच्यासाठी तो अगदी योग्य आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ताईंचा 'स' आणि 'श' थोडे टोकदार वाटले. मोबाईलचा माईक आधीच ही अक्षरं जरा पुढे काढतो, त्यात उजळ ईअरफोनची भर पडते.

दुसरी सेव्हन हर्ट्झची सॅलनोट्स झीरो. ही भाच्याची. बेस बेताचा, सगळं नीटनेटकं, कोणतंच वाद्य दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. तानपुऱ्यातला गंधार यात पहिल्या झटक्यात मिळाला. खर्ज छेडला, मनात एक-दोन मोजलं आणि तो वर आला. इतक्या कमी पैशांत हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं. तबल्याची चाट (कडेची पट्टी) आणि शाई (मधला काळा भाग) यांतला फरकही स्वच्छ. एकच गोष्ट, तिचा आकार चपटा, चौकोनी वळणाचा आहे आणि माझ्या छोट्या कानात अर्ध्या तासाने कड टोचायला लागायची. भाच्याला अजिबात टोचत नाही, म्हणजे हा प्रश्न माझ्या कानाचा. पण घेणाऱ्याने आधी कानात घालून बघावं.

तिसरी मी घेतलेली, तांगझूची वानेर. तांग राजवटीच्या दरबारात शांगगुआन वानेर नावाची एक कवयित्री होती, तिचं हे नाव. कवयित्रीच्या नावाचा ईअरफोन मला आवडण्याचं ते आधीचं कारण. आतमध्ये दहा मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर. बांधा प्लास्टिकचा, म्हणून हलका, कान दुखत नाही. आवाज ऊबदार आणि गळा पुढे. ताईंचा आवाज जिथे आ-काराकडून ए-काराकडे वळतो, ते वळण यात सर्वात नीट कळतं. मींड घेताना दोन स्वरांमधला प्रवास ऐकू येतो, फक्त सुरुवात आणि शेवट नाही. गंधार झीरोइतका चटकन समोर येत नाही, पण शोधला की आहे. मी रोज गळाच ऐकते, म्हणून माझ्यासाठी वानेर. फक्त वाद्यच ऐकणारी असते तर झीरो घेतली असती.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला विचारलं, इतक्या स्वस्तात हे जमतं कसं? तो म्हणाला, कानाची नळी स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून पडद्यापर्यंत नेते. ईअरफोनने नळी बंद केली की ती नैसर्गिक वाढ बदलते, ती ईअरफोनलाच परत भरून द्यावी लागते. किती भरायची, यावर हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ श्रोत्यांना ऐकवून काम केलं, आणि त्यातून निघालेला आलेख आता छोट्या कंपन्यांनाही समोर ठेवता येतो. मला आलेखातलं सगळं कळलं नाही, पण एक नक्की कळलं: खोक्यावर छापलेलं '20 ते 20,000 हर्ट्झ' काही सांगत नाही. तो आकडा टुकार जोडीवरही असतो. कुठला भाग किती उचलला, हे ऐकूनच कळतं.

आता रबरांचं. वानेर घरी आणली त्या दिवशी मी निराश झाले होते. खर्ज गायब, आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. परत पाठवायचं खोकं बांधायला घेतलं होतं. भाच्याने थांबवलं, मधल्या मापाचं रबर काढलं आणि मी तापकीर गल्लीतून आणलेलं सर्वात लहान रबर चढवलं. कानाची पाळी जरा वर-मागे ओढून घालायला सांगितलं. घातलं, आणि खोलीतला पंखा ऐकू यायचा थांबला. त्याच क्षणी खर्ज परत आला. रबर नीट बसलं नाही की खालचे स्वर फटीतून निघून जातात, मग दोन हजारांची जोडी काय आणि वीस हजारांची काय. बसलंय का ते ओळखायची माझी खूण: ओठ मिटून षड्ज लावायचा. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत दोन्ही बाजूंना सारखा घुमला तर बसलंय. एकाच बाजूला घुमला तर दुसऱ्या कानाचं माप वेगळं घ्यायचं. माझ्या दोन्ही कानांत वेगवेगळ्या मापाची रबरं आहेत.

वायर कानावरून मागे घ्यायची असते, हेही मला सांगावं लागलं. सरळ खाली सोडली तर मंगळसूत्राचे मणी वायरीला लागतात आणि प्रत्येक मणी कानात 'खट्' वाजतो. कानावरून घेतली की ते जवळजवळ थांबतं.

फोनला साडेतीन मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाईप-सीचा छोटा अडॅप्टर लागतो आणि इथे फसायला होतं. मी आधी दीडशेचा घेतला, माझ्या फोनवर तो मुकाच राहिला. काही अडॅप्टर नुसती जोडणी करतात, आवाज तयार करायचं काम फोनवर सोडतात, आणि पुष्कळ फोन ते काम टाईप-सीमधून करतच नाहीत. आत डीएसी, म्हणजे हे आवाज तयार करायचं काम करणारी चिप, असलेलाच मागायचा. 'डीएसीवाला आहे का' एवढं विचारलं की दुकानदाराला कळतं, आणि तिथेच आपला फोन लावून बघायचा.

मेट्रोत एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. रबर नीट बसल्याने बाहेरचा आवाज अडतो, त्यामुळे आधी फोनचा आवाज बारा-तेरा घरांवर असायचा तो आता सात-आठवर आला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 80 डेसिबलचे चाळीस तास ही मर्यादा सांगते, आणि आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. गाणाऱ्याने कान जपायलाच हवेत. स्टेशनबाहेर पडताना मात्र दोन्ही बाजू काढून पिशवीत टाकते. रस्ता ओलांडताना मागून येणारी बस ऐकू यायला हवी.

देखभाल फार नाही. आठवड्यातून एकदा रबर काढून कोमट पाण्याने धुते, पूर्ण वाळल्यावरच चढवते. जाळीवर मळ बसला की एक बाजू हळू वाजायला लागते आणि आपल्याला वाटतं जोडी बिघडली. जाळी खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झटकली की पुष्कळदा सुधारते. पावसाळ्यात डबीत सिलिकाची पुडी ठेवते.

मागच्या शनिवारी ताईंना वानेर घालायला दिली. त्यांनी त्यांचीच तीन आठवड्यांपूर्वीची तालीम ऐकली, डोळे मिटून, जवळपास दहा मिनिटं. मग एका जागी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. "इथे मीच चढी लागले आहे," म्हणाल्या, "आणि तू तसंच उचललंस, म्हणून तुझा तिथे सूर हलतोय." ती जागा त्यांनी लगेच पुन्हा गाऊन दिली. जाताना विचारलं, ही कुठे मिळते. त्यांच्यासाठी एक मागवली आहे. सर्वात लहान रबरांच्या दोन जोड्या वेगळ्या घेऊन ठेवल्यात, त्यांचे कान माझ्याहून लहान आहेत.