प्रिझम बार : आठ वर्षं वापरल्यावर

तिरळेपणा मोजायला माझ्याकडे प्लॅस्टिकच्या प्रिझम बारची जोडी आहे, एक आडवा, एक उभा. बार म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या, चढत्या ताकदीच्या प्रिझमांची एक पट्टी. आठ वर्षं रोज हातात असते. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण थोडी कुरकुर करणार आहे.

आधी कौतुक. सुटा प्रिझम उचलून डोळ्यासमोर धरेपर्यंत लहान मूल खुर्चीवरून उतरलेलं असतं. बार नुसता सरकवायचा, दुसऱ्या हाताने डोळे आलटूनपालटून झाकायचे, बुबुळाची हालचाल थांबली की त्या प्रिझमवरचा आकडा वाचायचा; तोच तिरळेपणाचा कोन, प्रिझम डायॉप्टर या एककात. बुबुळावर पडलेल्या टॉर्चच्या कवडशावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण आकड्यावर विसंबायचं किती? माझ्या आडव्या बारवर २० पर्यंत दोन-दोनच्या पायऱ्या, पुढे एकदम २५, ३०, ३५. खरा कोन २७ असला तर बार एक तर २५ सांगणार, नाहीतर ३०. ४५ ला बारच संपतो. मग दोन प्रिझम एकाच दिशेने एकावर एक धरायचा मोह होतो. तसं करू नका, परिणाम साध्या बेरजेहून जास्त भरतो. आडव्यावर उभा मात्र चालतो.

मनगटाकडेही लक्ष हवं. प्लॅस्टिकचा बार चेहऱ्याला समांतर धरायचा असतो, काचेच्या प्रिझमची रीत वेगळी. काचेचा ४० चा प्रिझम बारसारखा धरला तर ३२ च भरतो. शिकाऊ मुलांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

मध्यंतरी सात वर्षांची एक मुलगी आली, डोळा नाकाकडे वळणारा. मला ३० मिळाले. सहकारी म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे वीसच येतायत." वीस आणि तीस म्हणजे ऑपरेशनचा हिशोबच बदलतो! तिला परत बसवलं. त्याने सहा मीटरवरच्या दिव्याकडे बघायला सांगितलं होतं, मी तेवढ्याच अंतरावरची बारकी अक्षरं वाचायला लावली होती. बारीक वाचताना फोकस लागतो, आणि फोकसबरोबर डोळा आत ओढला जातो. अक्षरं दिल्यावर त्याच्या बारवरही २५ ला डोळा जरासा हलला, ३० ला थांबला. सगळं नीट करूनही २० च्या वरच्या कोनात दोन तपासनीसांत १० पर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे "गेल्या वेळी ३०, आता २५, सुधारलं" असं पालकांना मी लगेच सांगत नाही. फाइलमध्ये आकड्याशेजारी अंतर, चष्मा होता की नाही आणि मूल काय बघत होतं, तेही लिहिते.

आता कुरकुर. दोन प्रिझमांमधल्या खाचेत मळ बसतो. स्पिरिटने पुसला तर प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, माझ्या पहिल्या बारचं तेच झालं. साबणपाणीच बरं. आणि आकड्यांचा रंग टिकत नाही. ३५ तर केव्हाच गेला. मार्करने लिहिलाय, पण साबणाने तोही पुसला जातो.