त्रिएस्तेतील छायाचित्र-फेरी: एक अनुभव

माझी मुलगी गेल्या ऑक्टोबरमध्ये भौतिकशास्त्राच्या कार्यशाळेसाठी इटलीतील त्रिएस्ते या बंदराच्या शहरी गेली होती. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र तेथे आहे आणि त्यामुळे आपल्याकडच्या विज्ञानाच्या प्राध्यापकांना हे नाव चांगले ठाऊक असते. छायाचित्रकारांना मात्र ते फारसे ठाऊक नाही. भूमध्य समुद्राची एड्रियाटिक ही शाखा जेथे उत्तरेला संपते, त्या कोपऱ्यात हे शहर आहे. इटलीला जाणारे आपले लोक व्हेनिसपर्यंत जातात आणि तेथूनच माघारी फिरतात, वास्तविक तेथून त्रिएस्ते आगगाडीने दोन तासांच्या अंतरावर आहे. मुलीच्या मुक्कामाचे शेवटचे आठ दिवस मी तिच्याबरोबर होतो आणि त्यांपैकी दोन अर्धे दिवस मी एका स्थानिक छायाचित्र-फेरीत घालवले. बेळगावच्या शहापूर भागात माझा स्टुडिओ आहे. परत आल्यापासून बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या व्यवसायबंधूंनी या फेरीविषयी इतक्या वेळा विचारले, की सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

ही फेरी एक स्थानिक छायाचित्रकार बाई चालवतात आणि तिची नोंदणी एका मध्यस्थ कंपनीच्या संकेतस्थळावरून होते. एका वेळी पाचांहून अधिक माणसे घेतली जात नाहीत. पहिला भाग दुपारी अडीचपासून सूर्यास्तानंतर अंधार पडेपर्यंत असतो आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही मिळून माणशी १६० युरो, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये, मला मोजावे लागले. रक्कम लहान नाही. पहिल्या भागाच्या मोबदल्यात मला जे मिळाले ते मात्र त्याहून मोलाचे होते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

बाईंनी सुरुवातीला कोणालाही कॅमेरा काढू दिला नाही. सान जुस्तोच्या टेकडीवर, किल्ल्याच्या तटाशी आम्हांला उभे करून त्यांनी केवळ प्रकाशाविषयी सांगितले. शहराची पाठ कार्स्टच्या चुनखडीच्या पठाराला टेकलेली असून तोंड पश्चिमेच्या आखाताकडे आहे. त्यामुळे सकाळी उन्हाचा स्पर्श मागच्या भिंतींना होतो आणि समुद्राकडे पाहणाऱ्या साऱ्या इमारती दुपारनंतर उजळतात. या एका गोष्टीवरून त्यांनी सारी वाट आखलेली होती. कोठे उभे राहायचे हे आज मोबाईलवरही कळते, पण त्या जागी किती वाजता पोहोचायचे आणि किती वाजता तेथून निघायचे, हे सांगायला त्या गावात वर्षानुवर्षे राहिलेला माणूसच लागतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या काळ्या दगडावर प्रकाश केव्हा अनुकूल असतो, हे समजायला मला स्वतःला कित्येक वर्षे लागली. म्हणून या ज्ञानाची किंमत मी जाणतो.

टेकडीवरून उतरताना लागणारी रिकार्दोची कमान ही रोमन वेस एका घराच्या भिंतीला अशी चिकटून उभी आहे, की दोहोंना वेगळे करून छायाचित्र घेताच येत नाही आणि घेऊही नये. पायथ्याजवळचे रोमन नाट्यगृह १९३८ मध्ये मातीखालून मोकळे केले गेले. ते पाहण्यासारखे आहे, पण भोवतालच्या वाहनांमुळे छायाचित्राला फारसे साधत नाही.

ग्रांदे कालव्याची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या सहाव्या चार्ल्स बादशहाने १७१९ मध्ये त्रिएस्तेला मुक्त बंदर म्हणून जाहीर केले आणि पुढे त्याची कन्या मारिया तेरेसा हिच्या काळात जुनी मिठागरे बुजवून त्यांवर सरळ रेषांतले नवे पेठभाग वसवले गेले. मालाची गलबते थेट गोदामांच्या दारांपर्यंत यावीत म्हणून हा कालवा खोदला गेला. आज त्यात लहान होड्या नांगरलेल्या असतात आणि त्याच्या वरच्या टोकाला सान आंतोनियो चर्चचे उंच खांब पाण्यात उतरलेले दिसतात. शेजारीच सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे सान स्पिरिदिओने हे निळ्या घुमटांचे चर्च आहे. सकाळी आंतोनियोच्या मागून सूर्य येत असल्यामुळे त्याचा दर्शनी भाग काळवंडतो. मी आधीच्या तीन सकाळी तेथे व्यर्थ घालवल्या होत्या. बाईंनी आम्हांला बरोबर चारच्या सुमारास समुद्राकडच्या टोकाला आणले, कॅमेरा गुडघ्याइतका खाली घ्यायला सांगितला आणि पाण्यावरची झुळूक थांबण्याची वाट पाहायला लावली. त्या वीस मिनिटांत मिळालेले एक छायाचित्र आता माझ्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे.

तेथून जवळच, कोणत्याही सहलीच्या यादीत सहसा नसलेली एक इमारत त्यांनी दाखवली. माक्स फाबियानी या वास्तुरचनाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले हे नारोदनी दोम, म्हणजे शहरातील स्लोव्हेन भाषकांचे सांस्कृतिक भवन. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी ते जाळले आणि बरोबर शंभर वर्षांनी, १३ जुलै २०२० रोजी, इटली व स्लोव्हेनिया या दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ते स्लोव्हेन समाजाला परत करण्याचा करार झाला. मधल्या काळात तेथे विद्यापीठाची भाषांतरकार व दुभाषे घडवणारी शाळा चालत असे. बाईंची मातृभाषा स्लोव्हेन आहे, हे मला तेव्हा समजले. घरी स्लोव्हेन, बाजारात इटालियन, वरच्या पठारावरील गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत, असे त्यांनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हणालो, की मी ज्या गावाहून आलो आहे तेथे १९५६ पासून हाच विषय प्रत्येक घरात बोलला जातो आणि पाटीवर आपली अक्षरे आहेत की नाहीत, हे आम्ही रस्त्याने जाताना आपोआप पाहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिएस्ते हा १९४७ पासून १९५४ पर्यंत ‘स्वतंत्र प्रदेश’ होता आणि शहराची मालकी कोणाची, यावर इटली आणि युगोस्लाव्हिया (स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता) झगडत होते. बाईंना हा इतिहास पाठ होता, पण तो सांगताना त्यांच्या आवाजात कोणाविषयी कडवटपणा नव्हता. त्या भवनाचे मी घेतलेले छायाचित्र सांगण्यासारखे नाही, कारण समोरचा रस्ता अरुंद आहे. तरीही या फेरीतून ती इमारत कधी वगळू नये, अशी माझी त्यांना विनंती आहे.

संध्याकाळ मोलो औदाचे या धक्क्यासाठी राखलेली होती. १७४० मध्ये बंदरात बुडालेल्या ‘सान कार्लो’ या जहाजाच्या सांगाड्यावर हा दगडी धक्का बांधला गेला आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये बंदरात शिरलेल्या ‘औदाचे’ या इटालियन युद्धनौकेवरून त्याला आजचे नाव मिळाले. सुमारे अडीचशे मीटर लांबीच्या या धक्क्याला कठडा नाही, दुकाने नाहीत. माणसे नुसती टोकापर्यंत चालत जातात, बसतात आणि परत येतात. पाश्चात्त्य सहलींच्या जाहिरातींत सूर्यास्ताचे जे चित्र असते ते येथेही मिळते, पण बाईंनी आम्हांला सूर्याकडे पाठ करायला लावली. उनिता चौक हा तीन बाजूंनी प्रासादांनी वेढलेला आणि चौथ्या बाजूने समुद्राला उघडा आहे. मावळतीचे ऊन सरळ आत जाऊन १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या नगरपालिकेच्या इमारतीवर पडते आणि बाजूच्या सरकारी प्रासादावरील सोनेरी कुट्टिमचित्रे (मोझेक) काही क्षण पेटल्यासारखी दिसतात. सूर्य बुडाल्यावर बहुतेक लोक निघून गेले, आम्ही थांबलो. आकाश गडद निळे होऊन चौकातील दिवे लागेपर्यंतची जी पंधरा-वीस मिनिटे असतात, त्यांत ओल्या दगडांवर दोन्ही प्रकाश एकत्र आले. लग्नाच्या मांडवातील दिव्यांवर आयुष्य काढलेल्या मला असा प्रकाश कोणी फुकट देतो आहे, याचे भरून आले.

पहिल्या दिवसाविषयी माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवसाविषयी आहे आणि ती बाईंपेक्षा मध्यस्थ कंपनीविषयी अधिक आहे. त्या रात्री बोरा सुटला. पठारावरून समुद्राकडे कोसळणारा हा कोरडा, थंड ईशान्य वारा ताशी १५० किलोमीटरच्याही पुढे जातो. आपल्याकडचा आषाढातला वारा पाऊस घेऊन येतो, हा नुसते गार पाते घेऊन येतो. सकाळची फेरी दोन तास पुढे ढकलल्याचा निरोप कंपनीने आम्हांला दिलाच नाही. थंडीत ताटकळल्यावर मी दूरध्वनी केला तेव्हा ते समजले आणि बुडालेल्या वेळेचे पैसे नियमांत बसत नाहीत म्हणून नाकारले गेले. वारा कोणाच्या हाती नसतो, पण निरोप तर हाती असतो.

उशिरा निघाल्यामुळे पठारावरील ओपिचिना या गावापासून कड्याच्या कडेने जाणारी नेपोलियन वाट आम्ही अर्धीच चाललो. तरी त्या अर्ध्या वाटेवर बोराने धुऊन काढलेल्या हवेत आखाताच्या पलीकडे बर्फाच्छादित आल्प्सची रांग स्पष्ट दिसली आणि वरच्या बाजूला मोंते ग्रिसा हे १९६६ मधील काँक्रीटचे त्रिकोणी देवालय. स्थानिक लोक त्याला चीजचा तुकडा म्हणतात. मला मात्र त्या त्रिकोणांतून येणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या अतिशय आवडल्या आणि तेथे केवळ दहा मिनिटे मिळाल्याचे दुःख अजून आहे.

मिरामारे किल्ल्याला मात्र विनाकारण तासभर दिला गेला. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन याने १८५६ ते १८६० या काळात हा पांढऱ्या दगडाचा प्रासाद बांधवला, १८६४ मध्ये तो मेक्सिकोचा सम्राट व्हायला निघून गेला आणि १८६७ मध्ये तेथे त्याला गोळ्या घातल्या गेल्या. कथा हृदयद्रावक आहे आणि वास्तूही देखणी आहे. पण बारा वाजताच्या उन्हात पांढरा दगड सपाट दिसतो. आदल्या दिवशी प्रकाशाचे इतके सुंदर विवेचन करणाऱ्या बाईंनी येथे दुपार का निवडली, हे मी त्यांना विचारले. कंपनीच्या वेळापत्रकात हे ठिकाण बांधून दिलेले आहे, असे उत्तर त्यांनी संकोचाने दिले. मी नंतर एकटाच चार वाजता तेथे गेलो आणि खाडीच्या बाजूने हवे ते छायाचित्र मिळवले.

माझ्या मते मिरामारेऐवजी हा वेळ जुन्या बंदराला द्यायला हवा. ऑस्ट्रियन अमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली त्याची लांबच लांब गोदामे, ओतीव लोखंडाचे खांब आणि पाण्यातला ‘उर्सुस’ हा अजस्र तरंगता यारी-मनोरा पाहून कोणाही छायाचित्रकाराचे हात शिवशिवतील. फेरीत हा भाग केवळ दुरून दाखवला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाकडे गेलेला इस्त्रिया हा शेजारचा द्वीपकल्प सोडून आलेल्या इटालियन कुटुंबांनी मागे ठेवलेल्या खुर्च्या, कपाटे, भांडी या बंदरातील गोदामात जपून ठेवलेली आहेत, हे बाईंनी चालता चालता सांगितले आणि पुढे त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सीमेने एकीकडून एकांना हुसकावले आणि दुसरीकडे दुसऱ्यांचे भवन जाळले. दोन्ही गोष्टी एकाच बाईंच्या तोंडून, समान आदराने ऐकायला मिळाल्या, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

कॉफीगृहांविषयी थोडेसे. त्रिएस्ते हे कॉफीच्या आयातीचे जुने बंदर आहे, इली ही कंपनी १९३३ मध्ये येथेच सुरू झाली आणि भारतीय कॉफीचाही इटली मोठा ग्राहक आहे. तेव्हा कोडगूचे बी येथे उतरत असेल, या विचाराने कप हातात घेताना बरे वाटते. १९१४ चे काफे सान मार्को आतून तपकिरी आणि मंद प्रकाशाचे आहे. तेथे तिपाई उघडू नये, परवानगी विचारून हाती धरूनच छायाचित्र घ्यावे. पेल्यात मिळणाऱ्या लहान कापुचीनोला तेथे ‘कापो इन बी’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी योता हे घेवड्याचे सूप मागवण्यापूर्वी त्यात डुकराचे मांस आहे का, हे अवश्य विचारावे.

आपल्याकडून जाणाऱ्यांना माझा सल्ला असा, की केवळ पहिला अर्धा दिवस घ्यावा आणि तो मुक्कामाच्या आरंभीच घ्यावा, म्हणजे पुढचे दिवस त्या ज्ञानावर स्वतः हिंडता येते. बाई सावकाश, सोपे इंग्रजी बोलतात. अडचण येत नाही. एक रुंद भिंग आणि एक पन्नास मिलिमीटरचे भिंग पुरते. धक्क्यावर वारा असेल तर तिपाईच्या मधल्या आकड्याला पिशवी टांगावी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बार्कोलाना ही शिडांच्या होड्यांची प्रचंड शर्यत असते; शिडे हवी असतील तर तेव्हा जावे, शांतता हवी असेल तर त्यानंतरच्या आठवड्यात. आणि व्हेनिसहून येताना गाडीत उजवीकडची खिडकी धरावी, परतताना डावीकडची. मोन्फाल्कोने आणि त्रिएस्ते यांच्या दरम्यान समुद्र त्याच बाजूला खाली उघडतो आणि त्या वेळी कॅमेरा पिशवीत नसावा.