मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, आठ महिन्यांच्या वापरानंतर: आयडलिंगच्या (गाडी उभी, इंजिन चालू) चूंचूंवर कितपत उपयोगी?

डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचाच हा भाऊ. छातीवर टेकवायच्या चकतीऐवजी धातूची छोटी डबी, आत पातळ पडदा आणि डबीला आट्यांवर बसणारी वीसेक सेंटिमीटरची सळई. सळईचं टोक इंजिनच्या भागाला लावायचं, थरथर पडद्यावर पोचते आणि कानात आवाज येतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो, हे यंत्र निदान करत नाही. संशयित तीनचारच उरले असतील तेव्हा त्यांतला गुन्हेगार मात्र अचूक दाखवतं.

पहिल्या वापरात निराशा होते, कारण सळई कुठेही टेकवली तरी सगळंच ऐकू येतं. इंजेक्टरची टकटक, व्हॉल्व्हची खटखट, शेजारच्या पुलीची घरघर. धातूतून आवाज दूरवर जातो. म्हणून एका जागेवरून निकाल काढायचा नाही. एकाच जातीची दोन बेअरिंगं ऐकायची, उदाहरणार्थ आयडलर आणि टेन्शनर, म्हणजे इंजिनच्या बेल्टला वाट दाखवणारी आणि ताण देणारी पुली. चांगलं बेअरिंग एकसारखी मऊ सळसळ ऐकवतं. कोरडं पडलेलं खरखरतं, आणि त्या खरखरीत वाळू चावल्यासारखे दाणे जाणवतात.

सळई फिरत्या पुलीला कधीच लावायची नाही. पुलीच्या मधला बोल्ट स्थिर असेल तर त्यावर, नाहीतर त्या भागाच्या स्थिर अंगावर टेकवायची. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला मागच्या बाजूने ऐकताना विशेष जपा. तिथला जाड वायरचा टर्मिनल थेट बॅटरीला जोडलेला असतो, इंजिन बंद असलं तरी. सळई एकाच वेळी त्याला आणि अल्टरनेटरच्या धातूच्या अंगाला लागली तर मोठी ठिणगी उडते. रेडिएटरचा पंखाही आपोआप सुरू होतो, तेव्हा स्टेथोस्कोपच्या रबरी नळ्या लोंबू देऊ नका. शर्टाच्या बाह्या आणि ओढणीलाही हाच नियम.

आता यंत्राची खरी मर्यादा. आयडलिंगच्या चूंचूंमध्ये पहिला संशय अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणाऱ्या बेल्टवर जातो, आणि बेल्टला सळई लावता येत नाही. तिथे पाण्याची फवारणीची बाटली जास्त कामाची. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारायचं. आवाज गप्प होऊन काही सेकंदांनी परत आला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा टेन्शनर थकलेला. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा, आणि तेव्हाच स्टेथोस्कोप काढा.

आवाजाची जातही सांगून जाते. तुटक, तालात येणारी पक्ष्यासारखी चूंचूं रेस दिली की भरभर होते. ती बहुतेक वाकड्या रेषेची. दोन पुल्यांमधल्या दर २५ सेंटिमीटर अंतराला दीड मिलिमीटरच्या वर फरक असला की बेल्ट ओरडायला तो पुरेसा होतो. लांबलचक किंकाळी एसी, हेडलाइट किंवा पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगच्या भाराने वाढते, ती घसरण्याची. बेल्टला तडे नाहीत म्हणजे तो चांगला, हा समज जुना झाला. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या बेल्टला तडे क्वचितच जातात, त्याच्या खाचा झिजून खोल होतात. आणि बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे कृपया विसरा. दोन दिवस शांतता मिळते, मग त्यावर धूळ बसते आणि पाण्याच्या चाचणीचा निकालही भरवशाचा राहत नाही.

खात्री करायची तर बेल्ट काढून इंजिन तीसेक सेकंद चालवा. आवाज गेला तर दोषी बेल्टवरच्या भागांत आहे. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर त्याहून जास्त वेळ नको. चार्जिंगचा दिवा लागणं अपेक्षित आहे. बेल्ट निघालेलाच असतो, तर प्रत्येक पुली बोटाने फिरवून बघा. इथे बरेच जण फसतात. भिंगरीसारखी बराच वेळ फिरणारी आयडलर पुली चांगली नसते, तिच्यातलं ग्रीस संपलेलं असतं. चांगली पुली ग्रीसच्या अडथळ्याने गुपचूप लवकर थांबते.

एसी कंप्रेसरबाबत एक चूक टाळा. ‘एसी बंद असतानाही आवाज येतो, म्हणजे कंप्रेसर निर्दोष’ असं होत नाही. क्लचवाल्या कंप्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरत असते आणि तिचं बेअरिंगही.

बेल्ट काढूनही आवाज राहिला तर दोन ठिकाणं आधी बघा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचवर पाय नुसता टेकवा. तेवढ्यानेच चूंचूं थांबली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) किंवा त्याला ढकलणारा फोर्क. पूर्ण दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तरी संशय रिलीज बेअरिंगवर. पूर्ण दाबल्यावरच थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसरं ठिकाण पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये, हवा आत घेणाऱ्या मार्गात, सोडणारी झडप. त्याचा पडदा फाटला की आयडलिंगला शिट्टी किंवा किंकाळी येते, आणि ती हुबेहूब बेल्टसारखी वाटू शकते. ऑइलचं झाकण सैल करताच आवाज थांबला तर बेल्ट बदलण्याची घाई करू नका. यासाठी सळई आणि डबी दोन्ही काढून नुसती उघडी नळी वापरायची. हवेची गळती सळईतून कळतच नाही. उघड्या नळीचं तोंड इनटेकच्या जोडांवरून सावकाश फिरवलं की फुसफूस एका बोटभर जागेवर सापडते. या यंत्राचा मला सर्वांत आवडलेला उपयोग हाच, आणि सूचनापत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

टिकाऊपणा बेताचा. सळईचे आटे थरथरीने सैल होतात आणि मग सळईच किणकिणते. ते इंजिनचंच वाटतं, म्हणून दर वेळी घट्ट करून मगच ऐका. रबरी नळ्या एक्झॉस्टच्या बाजूला दोनदा टेकल्या तरी कडक होतात. कानातली बोंडं सैल बसली की अर्धा आवाज बाहेरचाच येतो. सळईच्या टोकाकडचे दोन सेंटिमीटर सोडून बाकीवर उष्णता सोसणारं प्लास्टिक वेष्टन चढवलं तर वर सांगितलेला ठिणगीचा धोका बराच कमी होतो.