ऑनलाइन गेमिंगला वायफाय पुरतं की लॅन वायर ओढायचीच?

२०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, स्पीड टेस्ट झकास येते, तरी रँक्ड मॅचमध्ये ऐन वेळी समोरचा माणूस टेलिपोर्ट होतो आणि आपण मेलेलो असतो. याचा स्पीडशी फारसा संबंध नसतो. व्हॅलोरंट म्हणा, सीएस टू म्हणा, बीजीएमआय म्हणा, गेम चालू असताना एखाद-दोन एमबीपीएसमध्ये भागतं, मोठा स्पीड लागतो तो अपडेट डाउनलोड करायला. गेमला हवं असतं ते पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळच्या वेळी पोचणं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो, म्हणजे साधारण ८ मिलिसेकंदाला एकदा, त्यात तुमचं नेट १०० मिलिसेकंद अडकलं तर मधले डझनभर हिशोब तुमच्याशिवायच झाले. म्हणून कायम ४० राहणारा पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद) मला परवडतो, पण १५ वरून मध्येच १३० ला उडी मारणारा नको.

आता वायफायवर ही उडी येते कुठून, तर एका चॅनलवर, म्हणजे राउटर वापरतो त्या रेडिओ पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, तुमचा फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि वरच्या-खालच्या फ्लॅटमधले राउटर जर त्याच चॅनलवर असतील तर तेही त्याच रांगेत, दोघं एकदम बोलले की पॅकेट वाया आणि परत पाठवा. लॅन वायरमध्ये ही भानगडच नाही, जाणारा आणि येणारा डेटा एकाच वेळी चालतो आणि मध्ये शेजारी नसतात.

पण वायर आणायला दुकानात जायच्या आधी एक टेस्ट कराच. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या आयपी पत्त्याला (बहुतेक घरी १९२.१६८.१.१ असतो) सतत पिंग लावून ठेवा (ping -t आणि पुढे तो पत्ता), आणि घरात सगळे नेट वापरत असतील अशा वेळी, म्हणजे रात्री नऊ-दहाला, पाच-दहा मिनिटं बघत बसा. २, ३, २, ८५, ४, १४० असं काहीतरी येत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे, वायरने तो जाणार. राउटरपर्यंत सगळं सरळ आणि तरी गेममध्ये पिंग उडतोय, तर गडबड पुढे आहे आणि वायर टाकून काडीचा फरक पडणार नाही. बर्‍याचदा घरातल्याच कुणीतरी फोटो-व्हिडिओ बॅकअपला लावलेले असतात किंवा सीसीटीव्ही कॅमेरा क्लाउडवर व्हिडिओ ढकलत असतो, त्याने अपलोड तुंबतं आणि पिंग चढतो, तिथे राउटरमधलं क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा हे ठरवणारी सेटिंग) चालू करणं किंवा बॅकअप पहाटे लावणं हा इलाज. आणि गेमने तुम्हाला मुंबईऐवजी सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकलं असेल तर विषयच संपला, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. आधी सेटिंगमध्ये सर्व्हर बघा.

बरं, दोष वायफायचाच निघाला. मग लॅनच्या बाजूने बोलायचं तर खर्च अगदी कमी, कॅट सिक्स दर्जाची १५-२० मीटरची तयार लॅन वायर काही शेकड्यात येते, आणि जुनी कॅट फाइव्ह ई पडून असेल तर तीही १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते, घरासाठी भरपूर. घेताना फक्त शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर सर्रास खपवतात. खरा खर्च डोकेदुखीचा. फायबर येतो दाराजवळ किंवा हॉलमधल्या टीव्हीमागे आणि पीसी असतो शेवटच्या बेडरूममध्ये, मध्ये दोन दरवाजे. इलेक्ट्रिकच्या पाइपातून लाइटच्या वायरींसोबत ती ओढू नका, इलेक्ट्रिशियन “काही होत नाही” म्हणेल तरी नको. स्कर्टिंगवरून पट्टी मारून न्या, भाड्याचं घर असेल तर चपटी पांढरी वायर दाराखालून जाते आणि घरमालकाला दिसतही नाही.

वायफायची बाजू अगदीच लंगडी नाही हां. राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झ बँड, तर राउटरपर्यंतचा पिंग बहुतेक वेळ २-४ मध्ये राहतो आणि साधा खेळणार्‍याला वायरशी फरक कळणारही नाही. अडचण भिंतींची. विटांची किंवा एएसी ब्लॉकची एक भिंत चालून जाते, पण पुणे-ठाण्यातल्या नव्या टॉवरमध्ये मायवानचं बांधकाम असतं, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या, तिथे ५ गिगाहर्ट्झ दुसर्‍या खोलीतच धापा टाकतो. कोकणातल्या जाड चिर्‍याच्या घरातही तेच. मग फोन-लॅपटॉप गुपचूप राउटरच्या दुसर्‍या, २.४ गिगाहर्ट्झ बँडवर जातात आणि तिथे शेजार्‍यांची गर्दी, ब्लूटूथ, वर मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात, कुणी पॉपकॉर्न लावले की तुमचा राउंड गेला. त्यामुळे दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि गेमिंगचं मशीन फक्त ५ ला जोडा. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला ठेवा, मधले ५२ ते १४४ रडारही वापरतात, तिथे राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडून पळतो आणि कनेक्शन तुटतं. जुना पहिला पीएस फोर असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, त्याला सरळ वायर. पीएस फाइव्हला वायफाय ६ आहे, त्याच खोलीत असेल तर राहू द्या.

मधले पर्याय पटकन. स्वस्त एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) घेऊ नका, सिग्नलच्या कांड्या वाढतात पण प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, गेमला उलट वाईट. मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांचं एकच वायफाय, चांगलं, पण त्याचे डबे आपसात वायरने जोडले तर, नाहीतर तोही महागडा एक्स्टेंडरच. पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर नेट विजेच्या वायरींतून नेतो, म्हणून घरच्या वायरिंगवर अवलंबून, दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील किंवा स्पाइक गार्डमध्ये खोचला तर बोंब, परत करता येत असेल तरच घ्या. लाल दिव्यांचा आठ अँटेनावाला गेमिंग राउटर काँक्रीटची भिंत फोडत नाही.

एअरफायबरवाल्यांनी एक लक्षात घ्या, तुमचं बाहेरचं कनेक्शनच, सहसा ५जी वरून, हवेतून येतं, घरात वायर टाकून अर्धाच भाग सुधारेल. मोबाइलवर बीजीएमआय खेळणार्‍यांना राउटरच्या खोलीत बसणं सगळ्यात सोपं, अगदीच हौस असेल तर टाइप सी ते लॅन अ‍ॅडॉप्टर बर्‍याच अँड्रॉइड फोनवर चालतो, पण हातात वायर लोंबकळत खेळायला मला तरी जमत नाही.

पीसीवर रँक्ड खेळत असाल आणि राउटर दुसर्‍या खोलीत असेल तर वायर ओढा, यात विचार करण्यासारखं काही नाही. फोनवाल्यांसाठी मात्र उलटं करून बघा: टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स, जे जागचे हलत नाहीत आणि दिवसभर व्हिडिओ ओढतात, ते वायरवर टाका, बहुतेक ते राउटरच्या शेजारीच असतात, दोन मीटर वायर पुरते. हवा मोकळी होते आणि फोनचा पिंग आपोआप शांत होतो.